अडतीस नंबरची बाटली

१

एकतीस नंबरच्या बाईच्या रक्तात ते औषध सापडायला नको होतं. आणि अडतीस नंबरच्या बाईच्या रक्तात ते असायलाच हवं होतं, तर तिथे त्याचा मागमूस नव्हता.

मोगेन्सने दोन्ही कागद मेरेते होल्कसमोर सरकवले आणि चष्मा काढून डोळे चोळले. चाचणीचे सगळे आकडे त्याच्या ताब्यात असत. कुणाला खरी गोळी आणि कुणाला औषध नसलेली साधी, ही यादी त्याच्या कुलपात होती. बाईला ते ठाऊक नव्हतं, तिला बाटली देणाऱ्या परिचारिकेला नव्हतं, डॉक्टरलाही नव्हतं.

चाचणीतल्या नऊशे बायकांना स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला. शस्त्रक्रिया झाली, केमो झालं, केस परत उगवले. पण त्यांचा रोग उलटून येण्याच्या जातीचा. म्हणून नेहमीच्या गोळीच्या जोडीला आणखी एक नवी गोळी, वर्षभर. त्या गोळीने काही फरक पडतो का, एवढं एकच कोडं सोडवायचं होतं.

"तीन महिने सगळं सुरळीत आहे," मोगेन्स म्हणाला. "चौथ्या महिन्यापासून दोघींचं उलटंपालटं. आठव्यापर्यंत तसंच."

"चूक झाली असेल."

"चूक एकदा होते, मेरेते. पाच वेळा होते तिला चूक म्हणत नाहीत. आणि दोघी एकाच हॉस्पिटलच्या. नोरेसांड."

मेरेते अठ्ठावन्न वर्षांची होती. गावोगावच्या हॉस्पिटलांत जाऊन अशा चाचण्यांचे कागद तपासायचे, हे काम ती बावीस वर्षं करत होती. त्यातली मेख तिच्या लगेच लक्षात आली. खरी गोळी कुणाकडे आहे हे माहीत असल्याशिवाय नेमकी अशी अदलाबदल कुणी करू शकत नाही. नोरेसांडमध्ये कुणाला तरी ते माहीत होतं. म्हणजे तिथल्या एक्केचाळीस बायकांचा हिशेब बाद, आणि कदाचित सगळी चाचणीच गुंडाळायची वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपनहेगनहून पश्चिमेच्या गाडीत बसली. निम्म्या वाटेत फोन वाजला. नोरेसांडचे मुख्य डॉक्टर आस्गेर लिंडहोल्म बोलत होते. एकतीस नंबरच्या बाटलीत काहीतरी गडबड आहे, एवढंच त्यांना कळवलं होतं.

"तुम्ही उगीच धावपळ करू नका," ते म्हणाले. "गुन्हेगार मी शोधून ठेवलाय."

२

डॉक्टर लिंडहोल्म उंच होते आणि उभ्यानेच बोलत. समोरच्याला मान वर करायला लावायची सवयच होती त्यांना.

"युट्टे ब्रोगोर, आमची परिचारिका. बाटल्या तिच्याच हातून जातात. एकतीस नंबरची सिग्ने ही तिच्या शाळेतल्या मैत्रिणीची मुलगी. चौतीस वर्षांची, दोन जुळी लेकरं. आणि ह्याच वसंतात उपाहारगृहात सगळ्यांसमोर युट्टे म्हणाली, की या पोरींच्या हातात खडूच्या गोळ्या ठेवताना माझा हात जड होतो. आज सकाळीच तिला घरी पाठवलंय."

"पण खडू कुठल्या बाटलीत आहे हे तिला कसं कळलं?"

"पाकिटं आहेत ना!"

पाकिटं होती खरी. एखादी बाई अचानक अत्यवस्थ झाली, तर ती काय घेत होती हे कळायला हवं; म्हणून दर नंबरामागे एक बंद पाकीट औषधभांडारातल्या लोखंडी कपाटात ठेवलेलं असे. भांडार प्रेबेन मोसचं. प्रेबेन धिप्पाड, सावकाश बोलणारा माणूस. कपाट उघडताना त्याचे कान लाल झाले होते.

"आता मीपण संशयित का?"

"तुम्ही, डॉक्टर, युट्टे. सगळे."

"डॉक्टरसुद्धा? मग हरकत नाही," प्रेबेन म्हणाला.

मेरेतेने एक्केचाळीस पाकिटं एकेक करून खिडकीशी धरली. लाखेचे शिक्के जसेच्या तसे, आतून काळा कागद. एकही उघडलेलं नव्हतं. तिने महिन्या-महिन्याच्या सह्या पाहिल्या. प्रत्येक बाटली ज्या नंबराची होती त्याच बाईला गेलेली, आणि रिकामी होऊन त्याच बाईकडून परत आलेली. कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

"परत आलेल्या बाटल्या धुता का तुम्ही?"

"छे. उरलेल्या गोळ्या मोजतो आणि खोक्यात टाकतो."

खोक्यात अडतीस नंबरच्या आठ बाटल्या होत्या. सहाव्या महिन्याची बाटली हातात घेतली तर बोटाला काहीतरी चिकट लागलं. नंबराच्या खाली कुणीतरी नखाने खरवडल्याची खूण होती, आणि तिच्या कडेला चकचकीत निळ्या कागदाचा तुकडा. माशाची शेपटी. लहान मुलं जिथे तिथे चिकटवतात तसल्या चित्राची.

"अडतीस नंबर कोण?"

"टीरा बुंगोर. एकाहत्तर वर्षांची. बोटीवर स्वयंपाकीण होती, आता एकटी राहते." प्रेबेनने वाकून शेपटीकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "टीराच्या घरी लहान मूल? अहो, तिच्याकडे मांजरसुद्धा टिकत नाही."

३

युट्टे अंगणात ओल्या चादरी दोरीवर घालत होती. वारा समुद्राकडून येत होता आणि चादरी शिडासारख्या फुगत होत्या.

"चौकशीला आलात? मग ते दुसरं टोक धरा," ती म्हणाली. "नुसतं उभं राहून कुणाला काही कळत नसतं."

मेरेतेने टोक धरलं.

"खडूचं बोललात तुम्ही?"

"बोलले. आणि बोलूनही दर महिन्याला तोच खडू त्यांच्या हातात ठेवला. चौतीस वर्षं नोकरी केली, आणि आज सकाळी त्या लांबुडक्याने मला कोट खुंटीला अडकवून घरी जायला सांगितलं. कोटाच्या खिशात माझा रुमाल राहिला. तो तेवढा आणून द्या."

"कुणाला खरी गोळी आहे, अंदाज होता तुम्हाला?"

युट्टेने तोंडातला चिमटा काढून दोरीला लावला. "अंदाज करायचा नाही असा नियम आहे. मी केला नाही. पोटाच्या त्रासाचं बायका फॉर्मवर लिहितात, तो फॉर्म मी न वाचता पाकिटात घालते. वाचला की अंदाज येतो."

"काहीच पाहत नाही तुम्ही?"

"वजन पाहते. ते चाचणीत मागितलेलं नाही, माझी जुनी खोड आहे. बूट काढायला लावून दर महिन्याला. नोंद एका हिरव्या वहीत, माझ्या टेबलाच्या खणात. आकडा लिहायचा आणि पान उलटायचं. माणूस फॉर्मवर वाटेल ते लिहील हो, काट्याला कुणाची भीड नसते."

मेरेते निघाली. फाटकापाशी पोचल्यावर तिने वळून विचारलं, "टीरा बुंगोर कशी बाई आहे?"

"तिखट. पण लबाड नाही." युट्टे जराशी हसली. "म्हणजे एकदाच खोटं बोलली. मंगळवारची वेळ होती तिची, ती बदलून गुरुवारची मागितली. म्हणे मंगळवारी बस नसते. आमच्याकडे बस रोज असते! म्हातारीला कुणाशी तरी बोलत बसायचं असेल, म्हणून मी मान डोलावली."

"हे कधीचं?"

"तिसरा महिना संपला तेव्हाचं."

"आणि गुरुवारी कोण येतं?"

युट्टेच्या हातातली चादर सुटून गवतावर पडली. ती उचलायला ती वाकली नाही.

"सिग्ने," ती हलकेच म्हणाली.

४

हिरवी वही आणि फॉर्मांचा गठ्ठा शेजारी शेजारी ठेवून मेरेते तासभर बसली.

पहिल्या तीन महिन्यांत टीराचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं. फॉर्मवर तिचं गिचमिड अक्षर: दिवसातून सहा वेळा जावं लागतं, तोंडाला लोखंडाची चव. नव्या गोळीचा हा त्रास सगळ्यांना माहीत होता. चौथ्या महिन्यापासून तिचं वजन पुन्हा वाढू लागलं आणि आठव्यापर्यंत पहिल्यासारखं झालं. फॉर्मवर मात्र अजून तेच: दिवसातून सहा वेळा, लोखंडाची चव. शब्दसुद्धा बदलला नव्हता.

सिग्नेचं वजन तीन महिने ढिम्म हललं नव्हतं. चौथ्यापासून घसरण, आठव्यापर्यंत नऊ किलो. फॉर्मवर सुबक अक्षरात: काही त्रास नाही. पाचव्या महिन्यातही काही त्रास नाही, आणि आठव्यातही.

दोघी खोटं लिहीत होत्या, एकमेकींच्या उलट दिशेने.

मेरेतेने पेन खाली ठेवलं. कालपासून ती एकच विचारत होती, की पाकीट कुणी उघडलं. पाकीट कुणीच उघडलं नव्हतं. टीराला तिच्या पोटानेच पहिल्या आठवड्यात सगळं सांगून टाकलं होतं. हॉस्पिटलने बाटल्या बरोबर दिल्या होत्या आणि बरोबर परत घेतल्या होत्या. मधल्या चार आठवड्यांत त्या कुणाच्या घरी होत्या, हे कुणी विचारलंच नव्हतं.

सिग्नेचं घर वाळूच्या टेकड्यांपाशी होतं. दाराच्या चौकटीवर, लहान मुलाचा हात पोचेल तिथवर, निळे मासे चिकटवलेले होते.

सिग्नेने दार उघडलं. चेहरा कागदासारखा पांढरा, स्वेटर अंगावर लोंबणारा. मुलं बालवाडीत होती, नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर पंधरा दिवसांच्या पाळीला गेलेला. तिने कॉफी ओतली तेव्हा थोडी बशीत सांडली.

"युट्टेला घरी बसवलंय, ठाऊक आहे?" मेरेतेने विचारलं.

"का?" सिग्ने दचकली. "तिने काय केलंय?"

"तुमची बाटली बदलल्याचा आळ आहे तिच्यावर."

सिग्नेने टेबलाची कड घट्ट धरली.

"तुम्हाला कसला त्रास नाही ना? फॉर्मवर तसं लिहिलंय."

"नाही."

"तोंडाला लोखंडाची चव येते का?"

सिग्नेने मान वर केली. "तुम्हाला कसं..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. हातातला कप आधी खाली गेला, आणि त्याच्या मागोमाग ती.

५

तातडीच्या विभागात सिग्नेच्या हृदयाचा आलेख वेडावाकडा पळत होता. डॉक्टर लिंडहोल्मनी प्रेबेनला एकतीस नंबरचं पाकीट आणायला पिटाळलं, ते फाडलं आणि कागद उंच धरून वाचला.

"साधी गोळी! आणि युट्टेने बदलली असली, तरी फॉर्मवर त्रासाचा एक शब्द नाही. म्हणजे औषधाचा काही संबंध नाही. हृदयाचाच आजार दिसतोय. हृदयाच्या डॉक्टरांना बोलवा, आणि ठोके आवरायचं इंजेक्शन तयार ठेवा."

मेरेते दारात उभी होती. कुलपातल्या यादीबद्दल चौकशी संपेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, अशी सही करून ती आली होती. बावीस वर्षांत तिने असली सही एकदाही मोडली नव्हती.

"इंजेक्शन थांबवा," ती म्हणाली. "डॉक्टर, पाकीट खरं आहे. पण हिच्या पोटात अडतीस नंबरची बाटली जातेय, पाच महिने. खरी गोळी. दिवसातून कितीदा जावं लागतं हे हिने कुणालाच सांगितलेलं नाही. अंगातलं पाणी आणि क्षार संपलेत तिचे. ते बघा आधी."

लिंडहोल्मनी तिच्याकडे पाहिलं, मग सिग्नेच्या हाताच्या काड्यांकडे, आणि पहिल्यांदाच ते खुर्चीत बसले. रक्त तपासलं. पोटॅशियम तळाला गेलेलं होतं. ते इंजेक्शन दिलं असतं, तर कदाचित हृदय थांबलंच असतं. थेंब थेंब क्षार चढू लागले, आणि तासाभराने आलेखाच्या टेकड्या सारख्या अंतरावर आल्या.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. अंगात पुरुषी जाकीट, बोटं तंबाखूने पिवळी. नोरेसांडमध्ये रुग्णवाहिका कुणाच्या दारात गेली हे सगळ्या गावाला दहा मिनिटांत कळतं.

"जगली का?" तिने विचारलं.

"जगेल."

"मग विचार काय विचारायचं ते. मी टीरा."

मेरेते तिच्याजवळ बसली. "कुणाची कल्पना ही?"

"माझी. ती पोर नको नको म्हणत होती. दोन दिवस रडली. मी म्हटलं, तू घेतली नाहीस तर बंदरात ओतून देईन, मग माशांना कर्करोग व्हायचा नाही, तुला होईल. तेव्हा घेतली." टीराने नाक पुसलं. "अगं, पहिल्या आठवड्यातच मला कळलं होतं. संडासातच मुक्काम माझा. आणि ही एकदा जिन्यात भेटली तर म्हणते, मला तर उचकीसुद्धा लागत नाही. घरी पाच वर्षांची दोन कार्टी, आणि हिच्या वाट्याला खडू! मी एकाहत्तर वर्षांची. माझी वाट बघतंय कोण? मग महिन्याला बाटली घेतली की खाली सामान ठेवतात तिथे अदलाबदल, आणि रिकामी झाली की परत. कुणाचं काय बिघडलं?"

"ती मरत होती आत."

टीराने तातडीच्या विभागाच्या दाराकडे पाहिलं. "मला म्हणाली, जमतंय. दर वेळी म्हणायची, जमतंय."

"तुम्ही म्हणता खरी गोळी तिला मिळायला हवी होती. खरी म्हणजे चांगली, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आम्हालाच माहीत नाही अजून. म्हणून तर नऊशे बायकांना त्रास देतोय."

"फायदा असेलच की. नाहीतर एवढा जुलाब कशाला!"

मेरेतेला हसू आलं नाही.

"टीरा, यादीत तुमचं नाव खरी गोळी घेणाऱ्या बायकांत आहे. तसंच राहणार. उद्या तुमचा रोग उलटला, तर आम्ही लिहिणार, की औषध घेऊनही उलटला. सिग्ने ठणठणीत राहिली, तर लिहिणार, की साध्या गोळीवरही ठणठणीत राहिली. दोन्हीकडून औषध निकामी दिसणार. तुमच्यासारख्या आणखी दहा जणी निघाल्या, तर चांगलं औषधसुद्धा कचऱ्यात जाईल. आणि पुढच्या वर्षी कुठल्या तरी गावात अशीच दोन लेकरांची आई येईल, तिला ते मिळणारच नाही."

बोटीवर चाळीस वर्षं टीराने वादळात स्वयंपाक केला होता. बोलण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. आता तिने जाकिटाच्या खिशातली तंबाखूची पुडी काढली आणि न उघडताच परत ठेवली.

"म्हणजे मी एकीला द्यायला गेले," ती शेवटी म्हणाली, "आणि न पाहिलेल्या कितीजणींच्या ताटातलं काढलं."

"तुम्हाला ते माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते." ती गुडघ्यावर हात रेटून उठली. "त्या युट्टेला बोलवा. आणि त्या लांबुडक्यालाही. दोघांसमोर सांगते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको."

६

लिंडहोल्मनी युट्टेची माफी मागितली, तीही उभ्यानेच. युट्टे म्हणाली, "बसून मागा." ते बसले, आणि त्यांनी पुन्हा मागितली.

कोपनहेगनमध्ये चाचणीच्या समितीची बैठक चार तास चालली. त्या दोन नंबरांपलीकडे हॉस्पिटलातल्या कुणालाही यादी कळलेली नव्हती, त्यामुळे एक्केचाळीस बायका चाचणीत राहिल्या. टीरा आणि सिग्ने दोघीही ज्या रकान्यात होत्या तिथेच राहिल्या. त्यांच्या नावापुढे पाच महिन्यांची खरी हकीकत लिहिली गेली. सगळ्या हॉस्पिटलांना पत्र गेलं, की बायकांना नुसती बाटली देऊ नका, हे सगळं कशासाठी चाललंय तेही समजावून सांगा, आणि दर महिन्याला वजन करा. सही मोडल्याबद्दल मेरेतेला ताकीद मिळाली. ती तिने निमूट घेतली.

सिग्नेची गोळी कायमची बंद झाली. तिच्या हृदयाला पुन्हा तो ताण झेपला नसता. त्या पाच महिन्यांच्या गोळ्यांनी तिचं भलं झालं की नुसतंच बुरं, हे कुणी सांगू शकत नव्हतं, आणि पुढे कित्येक वर्षं सांगता येणार नव्हतं. मेरेतेला त्या आठवड्यात नीट झोप लागली नाही ती त्यामुळेच. चोर सापडला होता. पण सापडला म्हणून कुणाचं ओझं कमी झालं नव्हतं.

टीराला मात्र विचारण्यात आलं. वर्ष पुरं व्हायला चार महिने होते. खरी गोळी पुन्हा सुरू करायची की चाचणी सोडायची? कुणाचीही जबरदस्ती नव्हती. समितीतल्या बहुतेकांना वाटलं होतं, की ती सोडेल.

पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी युट्टेचा फोन आला. मागे हॉस्पिटलच्या आवारातला वारा ऐकू येत होता.

"आली होती आज म्हातारी," युट्टे म्हणाली. "दोन किलो उतरलंय. बोटीवरच्या सगळ्या शिव्या ऐकवल्या मला. फॉर्मवर मात्र सगळं खरं लिहिलं, मी मागे उभीच होते."

"आणि सिग्ने?"

"रक्त ठीक आहे तिचं. आज तिची वेळ नव्हती, तरी आली. टीराला गाडीतून तीच आणते आता."

"काही बोलली का?"

"काही नाही." युट्टे म्हणाली. "म्हातारीला इथे तीनदा आत पळावं लागलं. तिन्ही वेळा ती पोर तिची पर्स आणि जाकीट हातात धरून संडासाच्या दाराबाहेर उभी होती. आतून शिव्या चालल्या होत्या, आणि ही बाहेरून म्हणत होती, सावकाश होऊ दे, मी आहे इथे."